पेव, लेव्ही आणि विरुद्धराज्यातिक्रम

उदगीरला माझ्या माहेरच्या वाड्यात, स्वयंपाकघरामागच्या पडवीत एक मोठी शहाबादी फरशी होती. बाकी सगळी जमीन शेणानं सारवलेली आणि मधेच ही एक फरशी. आम्ही बहिणी तिच्यावर सागरगोटे खेळायचो. पाय आपटला की पोकळ आवाज यायचा. खाली पेव आहे हे मला कळलं तेव्हा मी नववीत होते. आजीनं सांगितलं, तेसुद्धा आवाज खाली घेऊन. निजाम जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती तरी.

पेव म्हणजे काय हे आता मुलांना सांगावं लागतं. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. तळाला आणि बाजूंनी कडबा-भुसा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. उघडताना लगेच आत उतरायचं नाही, आतल्या कोंडलेल्या हवेनं माणूस दगावतो. आधी तोंड उघडून वारा खेळू द्यायचा. आमचं पेव मात्र दिवसा कधी उघडलं गेलं नाही, कारण ते लेव्हीपासून लपवलेलं पेव होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारनं धान्यावर लेव्ही बसवली. एकरामागे ठरलेलं धान्य सरकारी दरानं घालायचं, पीक येवो न येवो. बाजारात भाव दुप्पट असला तरी दर सरकारचा. एका भागातलं धान्य दुसऱ्या भागात परवान्याशिवाय न्यायचं नाही. तेलंगणातल्या शेतकरी लढ्याच्या इतिहासात ही लेव्ही फार मोठं कारण म्हणून येते. बड्या देशमुखांचं धान्य सुटायचं आणि लहान कुणब्याच्या कणगीला झाडू लागायचा, हेही त्यात येतं. आमचे आजोबा देशमुखही नव्हते आणि लहान कुणबीही नव्हते. थोडी शेती, थोडी अडत, थोडी देवघेव असं मधलं घर.

आजीच्या तोंडून ती गोष्ट ऐकताना मला आजोबा मोठे शूर वाटायचे. तपासणीला माणसं आली, आजीनं फरशीवर जातं मांडलं आणि दळायला बसली. पुरुषांना त्या पडवीत येता येईना. ते गेले. मग आम्ही सगळ्या हसायचो.

हसणं थांबलं ते माझ्या लग्नानंतर, भालकीला. सासरच्या घरी चातुर्मासात स्वाध्याय असायचा. मामंजी तत्त्वार्थसूत्र वाचायचे, आम्ही बायका दाराआडून ऐकायचो. सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार येतात. चोरीला प्रवृत्त करणं, चोरीचा माल घेणं, खोटी मापं वापरणं, हलका माल भारी म्हणून खपवणं हे चार कुणालाही समजतील. पाचवा आहे विरुद्धराज्यातिक्रम. राज्याचे निर्बंध मोडून, विस्कटलेल्या परिस्थितीचा फायदा घेऊन, भारी माल हलक्या किमतीत मिळवायची धडपड. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात त्यालाच विलोप म्हटलंय. म्हणजे नाका चुकवणं, साठा लपवणं हे सरकारपुरतं नव्हे, व्रतापुरतंही पाप. आणि आमचे आजोबा तर पाच अणुव्रतं घेतलेले गृहस्थ.

मी मामंजींना विचारलं. ते म्हणाले, “राजाच चोर असंल तर?” आणि पान उलटलं.

तो प्रश्न मी गेली तीस वर्षं सोबत वागवते आहे. माझा भाचा पुण्यात नोकरीला असतो. त्यानं अलीकडे बरंच काही वाचलंय. “मावशी, सरकारनं फक्त चोर-दरोडेखोर पकडावेत, करार पाळायला लावावेत. बाकी कोण काय विकतो, कितीला विकतो, यात सरकारचा संबंधच काय? दोघं राजीखुशीनं देवघेव करतात तेव्हा दोघांचाही फायदा असतो. नसता तर केलीच नसती. सरकार मधे येतं तेव्हा एकाचं काढून दुसऱ्याला देतं, आणि मधल्या मधे स्वतः खातं.” हे त्याचं म्हणणं. त्याला वाटतं हे सगळं विलायतेहून आलंय. मी म्हटलं, अरे बाबा, आपल्या मळखेडला ये एकदा.

मळखेड म्हणजे मान्यखेट, आताच्या कलबुर्गी जिल्ह्यात सेडमजवळ, कागिणा नदीच्या काठी. राष्ट्रकूटांची राजधानी, अमोघवर्षाचं गाव. आज तिथे पडका किल्ला, नेमिनाथाची बसदी आणि सिमेंट कारखान्यांची धूळ आहे. पण नवव्या शतकात अरब व्यापारी ज्या ‘बल्हारा’ राजाचं नाव जगातल्या चार मोठ्या राजांत घेत, तो हाच वल्लभराज. दहाव्या शतकात, तिसऱ्या कृष्णाच्या काळात, त्याच्या मांडलिक चालुक्यांच्या आश्रयाला सोमदेवसूरी नावाचे एक दिगंबर आचार्य होते. त्यांचं यशस्तिलक 959 साली पुरं झालं. त्यांचाच दुसरा ग्रंथ नीतिवाक्यामृत. अंगावर वस्त्र नाही, घरात दाणा नाही, असल्या माणसानं राजाला राज्यकारभार शिकवायचा ग्रंथ लिहिला, याचं मला पहिल्यापासून नवल वाटत आलंय. त्यात वार्ता, म्हणजे शेती, जनावरं आणि व्यापार यांवर एक प्रकरण आहे. सोमदेव राजाला सांगतात की परदेशाचा माल तुझ्या राज्यात येईनासा झाला तर कारणं दोन असतात. तू जकात वाढवलीस, किंवा व्यापाऱ्याचा माल जबरदस्तीनं घेतलास. आणि पुढे दाखला देतात लाकडी भांड्याचा. लाकडाच्या भांड्यात स्वयंपाक एकदाच होतो.

हा दाखला कुण्या संन्याशाला सुचला, मला सुचायला हवा होता. चुलीपुढे उभं राहिलेल्या माणसाची ती भाषा आहे. फ्रान्सच्या कोल्बेर मंत्र्यानं व्यापाऱ्यांना विचारलं की तुमच्यासाठी सरकारनं काय करावं, तर ते म्हणाले, आम्हाला आमचं करू द्या, ही गोष्ट भाच्याला पाठ आहे. सोमदेव त्या कोल्बेरच्या सातशे वर्षं आधीचे.

पण भाच्याला मी अर्धंच सांगितलं, उरलेलं इथे लिहिते. त्याच प्रकरणात सोमदेव म्हणतात की डोळ्यांदेखत लुटणारे व्यापाऱ्यांहून मोठे चोर नाहीत. आणि चढाओढीनं मालाची किंमत फुगली तर विकणाऱ्याला वाजवी तेवढी मिळावी, वरची राजानं घ्यावी. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या आणि व्यापाऱ्याच्याच घरात दिलेल्या बाईला हे वाचताना जरा चुळबूळ होते.

मळखेडहून कल्याण, म्हणजे बसवकल्याण, फार लांब नाही. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली. आपल्याकडे मिताक्षरा म्हटलं की वकील आणि वाटणीचे दावे आठवतात. पण त्यात व्यापाऱ्यांच्या भागीदारीचा विचार आहे, श्रेणींचा विचार आहे. कारागीर, व्यापारी, निरनिराळे पंथ यांनी आपापले जे करार-नियम केले ते राजानं मोडू नयेत, सांभाळावेत, असं स्मृतीच सांगते. हे पोथीतलंच नव्हतं. अय्यावोळे पाचशे ही व्यापाऱ्यांची संघटना याच मुलखात शतकानुशतकं वावरली. त्यांचा स्वतःचा धर्म होता, स्वतःची माणसं होती, देवळांना आणि बसदींना त्यांनी आपणहून पट्टी बांधून दिल्याचे शिलालेख आहेत. पोत्यामागे इतकं, बैलामागे इतकं. कुणी लेव्ही घातली नव्हती. आणि त्याच स्मृतीत, थोडं पुढे, देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफा घ्यावा हेही लिहिलंय, आणि व्यापाऱ्यांनी संगनमतानं भाव पाडले-चढवले तर दंड.

बिदरला आलं की गोष्ट जास्त रक्ताळलेली होते. अफनासी निकितिन हा त्वेर गावचा रशियन व्यापारी 1470 च्या सुमारास इथे होता. एक घोडा घेऊन आला होता, विकायला. चौलला उतरला, जुन्नरला गेला, तिथल्या खानानं घोडा काढून घेतला. मुसलमान हो, मग घोडाही देतो आणि वर हजार मोहरा, चार दिवसांची मुदत. एका खुरासाणी ओळखीच्या माणसानं रदबदली केली म्हणून घोडा सुटला. तो त्यानं बिदरला आणून विकला. आपल्या टिपणात तो लिहितो की मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात भारी, आणि बिनजकातीनं आपल्याला कोण जाऊ देणार. सरदार ऐषारामात आणि खेड्यातली माणसं उघडीवाघडी, हेही त्याला दिसलं.

त्या वेळी बिदरचा वजीर होता महमूद गवान. तो स्वतः इराणच्या गीलानहून व्यापाराच्या निमित्तानं आलेला. त्याचा किताबच मलिक-उत-तुज्जार, व्यापाऱ्यांचा राजा. आपला खासगी खर्च तो व्यापाराच्या नफ्यातून भागवायचा, असं फिरिश्ता सांगतो. त्यानं सुभ्यांचे तुकडे केले, सरदारांच्या हातातले किल्ले काढले, जमिनी मोजल्या, 1472 ला मदरसा बांधला. दुखावलेल्या सरदारांनी त्याच्या मोहोरेचं खोटं पत्र करून सुलतानापुढे टाकलं आणि 1481 मध्ये सुलतानानं त्याला मारवलं. चौकशी नाही, पुरावा नाही. मदरशाची निळी फरशीकाम केलेली भिंत बघताना गाईड उंची सांगतात, मिनार सांगतात. मला तिथे दरवेळी वाटतं, एका माणसाच्या हातात न विचारता मारण्याइतकी सत्ता असली की त्याचा वजीरही सुरक्षित नाही, निकितिनचा घोडा काय चीज.

आणि बिदर म्हटलं की दामाजीपंत. मंगळवेढ्याच्या सरकारी कोठारातलं धान्य त्यांनी दुष्काळात लोकांना वाटलं, बिदरच्या पातशहानं पकडून आणायचा हुकूम दिला, आणि विठ्ठल विठू महाराचं रूप घेऊन दरबारात आला. कीर्तनात ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. आम्ही जैन असलो तरी उदगीरला कीर्तन कुणाला चुकलंय? पण एक गोष्ट मोठेपणीच ध्यानात आली. देवानं पातशहाचा हुकूम फिरवला नाही, कोठार आपल्या मालकीचं म्हटलं नाही. त्यानं धान्याची किंमत मोजून दिली आणि पावती घेतली. ती पावती दामाजींना पोथीत सापडते. आता ते धान्य मुळात कुणाचं? शेतकऱ्याकडून वसूल केलेलं. म्हणजे शेतकऱ्याचंच धान्य, त्यालाच परत देण्याची किंमत देवाला पातशहाकडे भरावी लागली! माझ्या भाच्याला ही गोष्ट त्याच्या बाजूची वाटली. मला ती दामाजींच्या बाजूची वाटते. कारण लोक जगले ते कोठार उघडलं म्हणून.

आमच्या पेवाचं तसं झालं नाही.

2011 साली भावानं वाडा पाडायचं ठरवलं. माळ्यावर आजोबांच्या खतावण्या निघाल्या, मोडी लिपीतल्या. मामांना मोडी येत होती, त्यांच्याकडून मी थोडी शिकले होते. लेव्हीच्या वर्षांच्या पानांवर ओळीनं नोंदी होत्या. अमक्याची बायको, ज्वारी पायल्या चार, दिढीनं. तमक्याची आई, पायल्या दोन, दिढीनं. दिढी म्हणजे आज एक पायली घेतली तर सुगीला दीड पायली परत. कुणावर सक्ती नव्हती. प्रत्येकीनं अंगठा उठवला होता. राजीखुशी. आजीच्या गोष्टीत जातं होतं, तपासणीला आलेली माणसं होती, ह्या बायका नव्हत्या. लेव्हीचे लोक दारातून परतले त्याच पडवीत त्या मागच्या दारानं आल्या असणार, कदाचित त्याच रात्री.

आता मी कुणाच्या बाजूनं उभी राहू? सरकारनं ती ज्वारी नेली असती तर ह्या बायकांच्या पोटात गेली असती का? मला तसं वाटत नाही. ती शहराच्या दुकानांत गेली असती, मधे चार हात ओले करून. पेव होतं म्हणून निदान दिढीनं मिळाली. पण दिढी परवडली म्हणून त्यांनी अंगठा दिला नाही. दुसरं दार नव्हतं म्हणून दिला. गावात चार पेवं उघडी असती, दिवसाढवळ्या, तर कुणी सवाईनं दिली असती, कुणी त्याहून कमी. लेव्हीच्या भीतीनं सगळ्यांची पेवं झाकली गेली, आणि ज्याचं रात्री उघडायचं त्याचा भाव चालला. हे मला फार उशिरा उमगलं. सरकारच्या जबरदस्तीनं आमचे आजोबा गरीब झाले नाहीत. त्यांची अडवणूक करण्याची ताकद उलट वाढली.

हेच पुढे कापसाचं झालं. 1956 ला बिदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्याबरोबर गेले, बिदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. निजामाची करोडगिरी, ते शेकडा पाच जकातीचे नाके, बंद झाले होते. लोकांना वाटलं, सुटलो. मग 1972 पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी आली. शेतकऱ्यानं कापूस फक्त सरकारला विकायचा, राज्याबाहेर न्यायचा नाही. उदगीरहून कमालनगर कितीसं लांब? पलीकडे भाव चांगला असला की रात्रीच्या बैलगाड्या निघायच्या. ज्या शेतकऱ्यानं स्वतः पेरलं, वेचलं, तो स्वतःचाच कापूस चोरासारखा नेत होता. आणि पलीकडचा व्यापारी, ज्यांत आमचेही पाहुणे होते, चोरून आणलेल्या मालाला चोरीचाच भाव देत होता. अल्प मोलात भारी माल. विरुद्धराज्यातिक्रम, अगदी टीकेत लिहिल्याप्रमाणे.

शरद जोशींनी हे उघड बोलायला सुरुवात केली तेव्हा आमच्या घरात त्यांच्याबद्दल दोन मतं होती. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करणारा माणूस, 1980 ला चाकणला कांद्यासाठी रस्त्यावर बसलेला. अडत्यांच्या घरात शेतकरी नेता म्हणजे विरोधकच. पण त्यांचा रोख व्यापाऱ्यावर नव्हता, सरकारवर होता. शेतकऱ्याला सबसिडी नको, त्याचा भाव पाडू नका, निर्यात बंद करू नका, तो सुटू द्या, एवढंच. सरकार शेतकऱ्याला देतं त्याहून जास्त भाव पाडून काढून घेतं, त्याला ते उणे सबसिडी म्हणत. 1986 ला चांदवडला त्यांनी बायकांचं अधिवेशन भरवलं, लाखोंनी बायका गेल्या. मी तेव्हा कॉलेजात, जाऊ दिलं नाही. पुढे लक्ष्मीमुक्ती आली. नवऱ्यानं आपणहून जमीन बायकोच्या नावावर करायची. कायदा नाही, सक्ती नाही. किती गावांनी ती केली! आमच्या ओळखीत मात्र एकानंही केली नाही, हेही सांगून टाकते.

2015 ला तूरडाळ किलोला दोनशेवर गेली. कलबुर्गी म्हणजे तुरीचं आगर, आमचा माल तिकडच्या डाळमिलना जातो. साठ्यावर मर्यादा आली, धाडी पडू लागल्या. आमच्याही गोदामाची तपासणी झाली. पोती अडतीची, शेतकऱ्यांच्या नावावरची, कागद सगळे चोख. तरी आलेल्यांची सोय करावी लागली. ह्यांनी दोन दिवस जेवण केलं नाही. आणि त्याच आठवड्यात मी घरात वरणात पाणी वाढवत होते, कामाला येणाऱ्या बाईनं आठ दिवस डाळ घेतलीच नाही म्हणून तिला वाटीभर बांधून देत होते. एकाच घरात तुरीची पोती आणि पातळ वरण. लोकांना साठेबाज कोण वाटणार? मला मलाच वाटत होतं.

पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांनी भाव पाहून तूरच तूर पेरली, पाऊस झाला, बाहेरून डाळ आणायचे करारही होऊन बसले होते. हमीभाव 5,050, आणि बाजार त्याच्या खाली. साठ्यावरची मर्यादा 2017 च्या मेपर्यंत होती, त्यामुळे व्यापाऱ्यानं विकत घेऊन ठेवायचं म्हटलं तरी ठेवता येईना. निर्यात 2006 पासून बंद, ती सप्टेंबरात उघडली, माल विकून झाल्यावर. जो शेतकरी आदल्या वर्षी ह्यांना “शेठजी, भाव बरा लागला” म्हणाला होता, तो गाडीतून उतरलाच नाही, कट्टा पाहून म्हणाला, लिहा काय लिहायचं ते. पेव गावाला का लागतं, हे त्या वर्षी मला कळलं. भरल्या वर्षी कुणीतरी घेऊन ठेवायला हवं, रित्या वर्षी ते निघायला हवं. ठेवणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं की भरल्या वर्षी शेतकरी मरतो आणि रित्या वर्षी खाणारा.

2023 च्या जूनला परत मर्यादा आली. घाऊक व्यापाऱ्याला 200 टन, किरकोळ दुकानाला 5 टन.

आमच्याकडे मर्यादेचा आणखी एक कायदा आहे, जुना. परिग्रह-परिमाण. श्रावकानं आपल्यापाशी किती जमीन, किती सोनं, किती धान्य असावं याची हद्द आपणच घालायची आणि लिहून ठेवायची. समंतभद्रांनी त्या व्रताच्या अतिचारांत अतिसंग्रह नाव घेऊन सांगितलाय, लोभाच्या शेजारी. तपासायला कुणी येत नाही. आजोबांच्या सामानात त्यांची परिमाणाची वही निघाली होती. सोनं इतके तोळे, गाई इतक्या, वस्त्रं इतकी. धान्याच्या पुढे लिहिलंय, घरखर्चापुरतं. पेवातली ज्वारी त्यांच्या लेखी दुकानाची असावी.

गेल्या दशलक्षणात मी माझी वही नव्यानं लिहायला घेतली. धान्याच्या रकान्यात घरातले डबे लिहिले आणि खाली गोदामातली पोतीही लिहिली. हे पेपर वाचत होते. वाकून बघितलं आणि म्हणाले, “दुकानाचं कशाला घालतेस? ते अडतीचं आहे.”

मी खोडलं नाही. त्यांनीही मग काही म्हटलं नाही, चष्मा पुसून पुन्हा पेपर उघडला.